कात्री, मामा आणि अल्पाकाचा स्वेटर: भाजे, लोणावळा आणि परत भाजे

निघायचं ठरलं ते थंडीमुळे. जानेवारीत देहूरोडला सकाळचं नळाचं पाणी हात बधिर करायला लागलं, तेव्हा मला भाज्याच्या मामांची डावी बाजू आठवली. पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण डावा हात छातीच्या वर जात नाही आणि ती बाजू कायम गार असते. मामा म्हणतात, त्या अंगाला कुणीतरी खिडकी उघडी टाकून गेलंय.

मामांना मेंढीची लोकर चालत नाही, मानेला पुरळ उठतं. म्हणून मी त्यांच्यासाठी अल्पाकाचा स्वेटर विणला होता. अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांवरचा, उंटाच्या कुळातला लांब मानेचा प्राणी. त्याची लोकर मऊ असते आणि खूप ऊब धरते. माझा मावसभाऊ जहाजावर होता तेव्हा पेरूच्या एका बंदरातून त्यानं मोठ्या उशीएवढी पिशवी भरून न कातलेली लोकर आणली होती. आता त्यानं जहाज सोडलंय, म्हणजे ही लोकर वाया गेली तर दुसरी नाही. शेजारच्या बिष्टभाभी गढवालच्या, त्यांचे यजमान इथल्या लष्करी डेपोत आहेत. त्यांनी मला टकळीवर कातायला आणि सुयांवर विणायला शिकवलं. गोदामातलं पॅकिंगचं काम संपवून रोज थोडं थोडं कातायचो, त्यातच वर्षाहून जास्त गेलं.

विणायला घेतला तेव्हा मामा दोन्ही हात वर करून झाडाचे आंबे काढत होते. म्हणून मी डोक्यातून घालायचा, गळ्याशी घट्ट असा स्वेटर धरला. झटका आला तेव्हा एक बाही राहिली होती. ती मी तशीच पूर्ण केली. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

रविवारी सकाळच्या लोणावळा लोकलनं निघालो. तुम्ही लोकरीची वस्तू घेऊन मावळात जाणार असाल तर एक सांगतो, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. सकाळच्या दवानं आत ओल धरते. मी जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवला होता आणि कसरीच्या भीतीनं कडुनिंबाचा पालाही टाकला होता. पिशवी मांडीवर घेऊन मी वरून हात फिरवत होतो. समोर बसलेल्या दोन दूधवाल्यांपैकी एकानं विचारलं, "कुत्र्याचं पिल्लू हाय का पिशवीत?"

"नाही. स्वेटर आहे."

"मंग हलत कसं न्हाई म्हनलं," तो दुसऱ्याला म्हणाला. कामशेत येईपर्यंत दोघं मधूनमधून पिशवीकडे बघून हसत होते. मी हात फिरवायचा थांबलो, पण तळेगावपासून मनात एकच होतं. हा स्वेटर मामांना घालता येणार नाही हे मला विणतानाच कळलं होतं. आता ते त्यांनाही कळणार होतं.

मळवली स्टेशनवरून भाजे चालत जाण्याइतकं जवळ आहे. एक्स्प्रेस वेवरचा पूल लागतो. खालून मालट्रक गेला की पूल पायाखाली थोडा थरथरतो. घाबरण्यासारखं काही नाही असं सगळे म्हणतात, पण मी कठडा सोडून मधून चालतो. पूल उतरला की कापणी झालेली भातखाचरं आणि लेण्यांचा डोंगर समोर येतो. लेण्यांकडे जाणाऱ्यांनी सकाळीच जावं, दहानंतर पायऱ्यांवर ऊन आणि गर्दी दोन्ही असतात.

मामा अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. रेल्वेत गँगमन होते ते, थंडीत हातात कंदील घेऊन रुळांवर गस्त घालणारे. आता मामी त्यांना शाल पांघरते आणि ती डाव्या खांद्यावरून घसरत राहते.

"कंचं जनावर म्हनला ह्यो?" मामीनं स्वेटरचा वास घेतला.

"अल्पाका. उंटाच्या जातीचं."

"आता उंट अंगात घालायचा," मामी म्हणाली. "गळ्यात घंटा बी बांधू का?"

मामा हसले नाहीत. उजव्या हातानं लोकर चाचपत म्हणाले, "मऊ हाय. घाल."

आधी डावा हात बाहीत घातला, मग डोकं, असं डॉक्टरांनी मामीला शिकवलं होतं. डावा हात गेला. डोकं घालताना स्वेटर ओढावा लागला, तसा तो हात वर खेचला गेला आणि आतून मामांचा आवाज आला. गळा घट्ट होता. डोकं आत, हात अडकलेला. मी वर ओढलं, मामीनं खाली ओढलं. आतून "काड, काड" असं ऐकू यायला लागलं आणि मग काहीच ऐकू येईना. मला वाटलं, झालं, पुन्हा झटका आला, आणि तो मी आणला. कसाबसा स्वेटर निघाला. मामांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे उघडे होते. ते माझ्याकडे नाही, डोंगराकडे बघत होते.

मामीनं पाणी दिलं. मग तीच म्हणाली, "मधनं काप की त्येला. शर्टावानी पुढनं उघडा कर."

हा उपाय मला माहीत होता, त्यातला धोकाही माहीत होता, म्हणूनच मी तो कधी बोललो नव्हतो. विणलेली वस्तू म्हणजे एकच लांब धागा असतो. प्रत्येक टाक्याला दुसऱ्या टाक्यानं धरलेलं असतं. एक कापला की तो पुढच्याला सोडतो. मेंढीच्या लोकरीचे तंतू एकमेकांना चिकटून राहतात, अल्पाकाचे गुळगुळीत असतात, ते निसटतात. त्यात या स्वेटरचा खालचा चार बोटं पट्टा माझ्या अगदी पहिल्या सुताचा. तेव्हा मला पीळ द्यायला जमत नव्हतं. ते सूत नुसतं ओढलं तरी विरळ होतं.

मी स्वेटर परत पिशवीत ठेवायला हात पुढे केला. मामांनी तो मांडीवर धरून ठेवला होता. सोडला नाही.

लोणावळ्याच्या कुंदाताईंची ओळख मोबाइलवरच्या विणकामाच्या ग्रुपमधली. आपण स्वेटर कापून पुढून उघडे करतो, असं त्यांनी तिथं एकदा लिहिलं होतं. मी फोन केला, त्या "उद्या ये" म्हणाल्या. सोमवारी सकाळी मामांकडून स्वेटर मागून घेतला. "आनशील ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

मळवलीनंतर लोणावळाच. सोमवारी जाणाऱ्यांचं बरं असतं. चिक्कीची दुकानं निवांत असतात, चव घ्यायला तुकडा मागितला तर देतात, आणि रिक्षावाला दोनदा विचारत नाही. मी मात्र बाजारातून फक्त लाकडाची मोठी बटणं घेतली. ती घेतानाही वाटत होतं की हे उतावीळपणाचं आहे. स्टेशनबाहेर एक वडापाव खाल्ला आणि तुंगार्लीला कुंदाताईंच्या घरापर्यंत चालत गेलो.

कुंदाताई साठीच्या, निवृत्त नर्स. चहा ठेवायच्या आधी त्यांनी कपाटातून एक राखाडी गोळा काढून माझ्यापुढे ठेवला. तो कधीकाळी स्वेटर होता. पुढची बाजू वरपासून खालपर्यंत शिडीसारखी उसवलेली.

"हा अल्पाकाचा," त्या म्हणाल्या. "मी कापला. मेंढीच्या लोकरीसारखा नुसता क्रोशा केला आणि कापला. बहिणीसाठी होता."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"हा बघून कापायचा असेल तर काप म्हणून. भीती वाटणार नाही असं मी सांगणार नाही."

मग त्यांनी पद्धत दाखवली. पुढच्या बाजूच्या मधोमध टाक्यांची एक उभी रांग धरायची. स्वेटर तपकिरी, त्यात ती रांग ओळखू येत नाही म्हणून तिच्यातून लाल धागा ओवायचा. त्या रांगेच्या दोन्ही अंगांना बारीक सुती दोऱ्यानं हातशिलाई घालायची, प्रत्येक टाक्यात सुई गेलीच पाहिजे. त्यावरून क्रोशाची साखळी, म्हणजे टाके दोनदा बांधले जातात. कात्री फक्त मधल्या आडव्या धाग्यांवर चालवायची. आम्ही दुपारभर तेच केलं. डावी बाजू त्यांनी, उजवी मी. पहिल्या सुताच्या पट्ट्याशी आल्यावर त्यांनी बोटानं ते दाबून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे कुणी कातलंय?"

"मीच. सुरुवातीचं आहे."

"दिसतंय," असं म्हणून त्यांनी तिथं आणखी एक शिलाई घातली.

शेवटी त्यांनी स्वेटर दोन्ही हातांनी ताणून धरला आणि मान कात्रीकडे केली. मी कात्री उचलली. पाती गळ्याच्या काठाशी नेली आणि ती तिथं एकमेकांवर वाजायला लागली. मी ती खाली ठेवली.

"तुम्ही कापता?"

"नाही. एकदा कापलाय मी." त्यांनी स्वेटर घडी केला. "आज नको. थरथरत्या हातानं एक शिलाई तुटली की सगळं गेलं. पण लक्षात ठेव, एकट्यानं होणार नाही. एकानं दोन्ही हातांनी ताणून धरायचं, दुसऱ्यानं कापायचं. घरी कुणी आहे?"

"आहे," मी म्हणालो. कोण, ते मलाही ठाऊक नव्हतं. निघताना त्यांनी लहान टोकदार कात्री रुमालात गुंडाळून दिली. परतीच्या लोकलमध्ये मी ती पिशवीत अगदी खाली ठेवली, मग टोक स्वेटरला लागेल या भीतीनं पुन्हा काढून खिशात घातली, आणि मग खिशातली टोचेल म्हणून हातात धरून बसलो. दुपारी या मार्गावर लोकल बराच वेळ नसते, वेळ बघूनच निघा.

मंगळवारी सकाळी अंगणात ऊन आलं तेव्हा मी पाट मांडला, त्यावर स्वेटर अंथरला. आत दुसरी बाजू कापली जाऊ नये म्हणून एक पुठ्ठा घातला. मामीला सगळं समजावलं.

"मला त्यो लाल दोरा सुदिक दिसंना," ती म्हणाली. "माझ्यानं न्हाई व्हायचं. तूच काप, मी धरते."

तिनं धरून बघितलं. तिची बोटं भाकऱ्यांना सरावलेली, स्वेटर ताणायच्या जागी पिळायला लागली. मी कात्री घेतली तर माझं कालचंच सुरू झालं. मामा खुर्चीतून हे सगळं बघत होते.

"आन हिकडं," ते म्हणाले.

"तुमी?" मामी म्हणाली. "अहो, दाढी मी करतीया तुमची."

"म्हनूनच."

झटका आल्यापासून घरात मामांच्या हातात कुणी साधी सुरीही दिली नव्हती. मी काही बोलायच्या आत त्यांनी उजवा हात पुढे केला. तो हात चांगला होता. एवढ्या महिन्यांत मी त्या हाताकडे बघितलंच नव्हतं. पण झटक्यानंतर त्यांची नजर डावीकडचं कधी कधी चुकवते, हे मला माहीत होतं. कात्री शिलाईवर गेली तर थांबवायला माझे हात मोकळे नसणार होते. तरी मी पाट त्यांच्या गुडघ्यांवर ठेवला, खाली बसलो आणि दोन्ही हातांनी लोकर ताणली. आडवे धागे शिडीच्या पायऱ्यांसारखे उघडे झाले.

"लाल दोऱ्याच्या कडंकडनं?"

"दोऱ्यावरूनच. तोही कापला तरी चालेल."

पहिला धागा तुटला त्याचा आवाजही झाला नाही. काहीच सुटलं नाही. दुसरा, तिसरा. मामा एकेक धागा कापत होते, आणि मला श्वास घेतला तरी माझे हात हलतील अशी भीती होती. छातीपाशी आल्यावर ते थांबले, कात्री मांडीवर ठेवून बोटं उघडमीट केली. मामी पाणी घेऊन आली, त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

पट्टा आला. इथं सूत विरळ होतं, ताणलं तर तुटेल आणि ढिलं सोडलं तर पायऱ्या दिसणार नाहीत. मी सांगितलं, "मामा, हे माझं पहिलं सूत. कच्चं आहे."

"मंग सावकाश," ते म्हणाले.

दोन धागे नीट गेले. तिसऱ्याला डाव्या काठाचा एक टाका माझ्या डोळ्यांदेखत शिलाईतून बाहेर आला आणि एक घर खाली उतरला.

"थांबा."

"निसटला?"

"एक."

"मंग धर त्येला. मी हाय हितंच." त्यांनी कात्री उघडीच, हवेत, जराही न हलवता धरून ठेवली. मामीनं काठ चिमटीत पकडला. मी क्रोशाच्या सुईनं तो टाका उचलला, वर आणला, दोऱ्यानं तीनदा बांधला. मग पुन्हा दोन्ही हातांनी धरलं. शेवटचा काठ जाड होता, त्याला मामांनी जोर लावला आणि स्वेटर माझ्या हातांत दोन बाजूंना झाला.

मामी आत गेली आणि आतून तिचं नाक ओढणं ऐकू आलं.

दुपारपर्यंत मी दोन्ही काठांना आतून सुती पट्टी शिवली, क्रोशानं फासे केले, बटणं लावली. मामांनी स्वेटर घातला तेव्हा मी मदतीला पुढे झालो तर त्यांनी कोपरानं मला बाजूला सारलं. उजव्या हातानं डावा हात उचलून बाहीत घातला, पाठीमागून ओढून घेतला, दुसरी बाही घातली. वेळ लागला. बटणाचा पहिला फासा दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला.

संध्याकाळच्या आत मी घरी पोहोचलो. येताना पुलावर कठडा सोडूनच चाललो, त्यात काही बदल नाही. भीतीही गेलेली नाही. रोज फोन करतो आणि डावा काठ कसा आहे ते विचारतो. मामी म्हणते, "बगू कशी? अंगावरनं काडत न्हाईत, धुवाया बी मिळंना."

परवा मामा स्वतः फोनवर आले. मी विचारलं, "मामा, ती खिडकी?"

"लागली," ते म्हणाले. "फट ऱ्हायलीया. बोटांत."

पिशवीच्या तळाशी मूठ-दीड मूठ लोकर उरली आहे. एका हातमोज्याला पुरेल की नाही, सांगता येत नाही. काल टकळी काढली. या वेळी पीळ जास्त देतोय.