वर्तुळं घासणारे आजोबा

एडिनबराहून दक्षिणेला इंग्लंडची बॉर्डर ओलांडली की नॉर्थम्बरलंडमध्ये एक सोपा वॉक आहे, असं ऑफिसमधल्या एकीनं सांगितलं होतं. चढ जवळजवळ नाही, वाटेत हजारो वर्षांपूर्वी खडकावर कोरलेली वर्तुळं आणि थोडं पुढे छोटा धबधबा. पुण्याहून माझ्याकडे आलेल्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिलाही जमण्यासारखं होतं. रविवारी आम्ही दोघी निघालो.

खडक दिसायच्या आधी आवाज आला. खरखर. मध्ये थांबून पुन्हा खरखर. झाडी संपली आणि समोर तो लांबलचक, उतरता खडक दिसला. त्यावर एक म्हातारे गृहस्थ बागकामाची उशी गुडघ्यांखाली घेऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर कॅप, शेजारी पाण्याचा कॅन. हातातल्या तारेच्या ब्रशनं ते एकेक वर्तुळ घासत होते.

मी जागच्या जागी थिजले. घासलेल्या वर्तुळांत पांढरे ओरखडे उमटले होते. त्यांनी मान वर करून गुड मॉर्निंग म्हटलं, आम्हाला जागा करून दिली. शेवाळामुळे काही दिसत नाही, लांबून आलेल्या लोकांचा विरस होतो, म्हणून लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात आपण आणि बायको येऊन हे साफ करतो, असं ते अगदी आनंदानं सांगू लागले. ती पाणी ओतायची, ते घासायचे. ती हिवाळ्यात गेली. यंदा पहिल्यांदाच ते एकटे आले होते.

मी आईला मराठीत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, दगड झिजतोय. सांग त्यांना."

"आत्ता कसं सांगू?"

तिनं वाट पाहिली नाही. खाली वाकून एका वर्तुळातून बोट फिरवलं आणि ते त्यांच्यासमोर धरलं. बोटाला पिवळट, बारीक रवाळ पूड लागली होती.

त्यांनी चष्मा सारखा केला. "हे शेवाळ नाही?"

"नाही," मी म्हटलं. "दगड आहे."

ते त्या बोटाकडे बघत राहिले. मग खडकाच्या न घासलेल्या टोकाकडे गेले, तिथल्या वर्तुळात बोट घातलं, परत येऊन इथल्या वर्तुळात घातलं. तिथे बोटाचं पेर बुडत होतं. इथे नुसती उथळ रेघ राहिली होती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. उशीवर बसले ते त्यांना उठताच येईना. अनोळखी पुरुषाशी कधी हातही न मिळवणाऱ्या माझ्या आईनं त्यांच्या दंडाला धरलं, दुसरीकडून मी, आणि आम्ही त्यांना उभं केलं.

"तिला कळलं नाही, ते बरं झालं," एवढंच ते पाण्याच्या कॅनकडे बघून म्हणाले.

त्यांना तसं सोडून जाववेना, म्हणून आम्ही त्यांना धबधब्याकडे सोबत नेलं. पाणी काळ्या कातळावरून डोहात पडत होतं. आईनं थर्मासमधला चहा त्यांना दिला. तो त्यांनी हातात धरून गार केला. मग विचारलं, हे कुणाला तरी सांगायला हवं ना? कार पार्कपाशी सिग्नल मिळाल्यावर मी स्थानिक कौन्सिलमध्ये अशा जुन्या जागांचं काम बघणाऱ्या बाईंचा नंबर शोधला आणि आजोबांच्या फोनवर पाठवला. परतीच्या वाटेवर आई खिडकीबाहेर बघत होती. फोटो काढायचे राहून गेल्याचं घरी आल्यावर लक्षात आलं.

दोन-तीन दिवसांनी त्यांचा मेसेज आला. फोन करून सगळं सांगितलं, बाई जराही रागावल्या नाहीत, उलट आभार मानले. खाली आणखी एक ओळ होती: रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.