बूड असलेली पाटी

संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा भिंतींवर रंगवल्या जात होत्या, त्या वर्षांत बारामतीला आमच्या शाळेत बास्केटबॉल आला. आला म्हणजे आमचे ड्रिल मास्तर पुण्याला एका लग्नाला गेले होते, तिथून ते तो घेऊन आले. एका कॉलेजच्या मैदानाला उंच भिंत होती आणि मास्तर उंचीला बेताचे. जेवणाची पंगत बसेपर्यंत त्यांनी भिंतीबाहेर उड्या मारमारून खेळ पाहिला. एका उडीला चेंडू हवेत दिसे, दुसरीला खांबावरच्या पाटीत आणि तिसरीला पुन्हा पोरांच्या हातात. मधे जे काही व्हायचं ते दर वेळी मास्तर जमिनीवर असताना होऊन जायचं. तेव्हा एखादं चपळ पोरगं वर चढून चेंडू काढत असणार, असं त्यांनी ताडलं.

या अभ्यासावर बारामतीची पद्धत उभी राहिली. बाजारातून वांग्यांची एक बांबूची पाटी आणली, चांगली बुडाची, शेणानं लिंपलेली. ती शाळेमागच्या खांबावर उंच बांधली. चेंडू जमिनीवर आपटत नेतात हे मास्तरांना उडीत दिसलं नव्हतं, म्हणून चेंडू भुईला लागला की बाद, असा नियम केला. आणि पाटीत पडलेला चेंडू काढायला एक खास गडी नेमला. त्या पदाला आम्ही ‘काढ्या’ म्हणायचो.

तो काढ्या मी. मला फेकता येत नव्हतं, झेलता येत नव्हतं, आणि पळताना मी स्वतःच्याच पायात अडकायचो. पण खांबावर मी सरसर चढायचो. कुणी पाटीत चेंडू टाकला की मी वर, चेंडू बाहेर, मी खाली. टीममध्ये राहायला माझ्याकडे एवढाच गुण होता, आणि शाळेनं दिलेल्या टीमच्या बनियनला आईनं निळी पट्टी शिवून दिल्यापासून तर मी ती अंघोळीपुरतीच काढायचो.

मग एसटीच्या कंडक्टरनं खबर आणली की इंदापूरलाही पोरं असलंच काहीतरी खेळतात. मास्तरांनी सामना ठरवला. निघायच्या दिवशी सायकल दुकानवाल्या चाचांनी आमच्या चेंडूत हवा भरली.

“इंदापूरला चाललायसा व्हय? मग दोन हात जादाच मारतो,” ते म्हणाले, आणि चेंडू टरबुजासारखा टणक करून दिला.

इंदापूरची पोरं तयार केली होती पलटणीतून निवृत्त झालेल्या एका हवालदारानं. सगळे त्याला आबा म्हणायचे. आबानं खेळ छावणीत नीट पाहिला होता, चेंडू आपटायचा हेही त्याला ठाऊक होतं. पण काळ्या मातीत चेंडू आपटला की तिथंच बसतो. म्हणून त्यानं पोरांना मळणीच्या खळ्यावर आणलं. खळ्याची जमीन चोपून टणक केलेली, आणि मधोमध बैल फिरवायचा खांब आयताच उभा. आबानं तोच आणखी उंच केला आणि त्याला लोहाराकडून कडं ठोकून घेतलं. पोरं वर्षभर त्या खांबाभोवती मळणीच्या बैलांसारखी एकाच अंगानं फिरत शिकली होती. डावीकडे वळताना वाऱ्यासारखी पळायची, उजवीकडे वळायचं म्हटलं की थांबून विचार करायची.

पण मला हे सगळं नंतर दिसलं. आधी दिसलं ते कडं. त्याला बूडच नव्हतं.

आमची पोरं खो खो हसली. मास्तरांना मात्र कीव आली. “आबा, तुमच्या पाटीचं बूड गेलंय,” ते हळूच म्हणाले. “संकोच करू नका, पुढच्या खेपेला आमची पाटी घेऊन येतो.”

“गेलंय कुठलं मास्तर? त्याला बूड नसतंयच!” आबा म्हणाला. “चेंडू वरनं टाकायचा, खालनं पडतो. मग, तुमी काय चढून काढताय का काय?”

 मास्तरांनी एकदा कड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “तू आज पिशव्या सांभाळ,” एवढंच म्हणाले. मी लिंबाखाली भाकरीच्या पिशव्यांपाशी जाऊन बसलो.  आज पिशव्या, उद्या बनियन परत द्यावी लागणार, हे मला समजत होतं.

सामना दोन्ही पद्धतींनी झाला. त्यांची पोरं चेंडू आपटत डावीकडून खांबाला घिरट्या घालायची. आमची पोरं चेंडू भुईला लागू न देता जाग्यावरूनच फेकायची, आणि त्यात मात्र पटाईत होती. कडं एकच असल्यानं दोन्ही बाजू त्यातच टाकत होत्या. अर्धा डाव त्यांच्या चेंडूनं झाला, मग आमचा आला. बरोबरी चालली असताना आमच्या एकानं लांबून फेकला, आणि चाचांच्या दोन जादा हातांनी फुगलेला तो चेंडू कड्यात गच्च अडकून बसला.

ढेकळं मारून झाली, काठी लावून झाली. चेंडू हलेना. मग आमची सगळी पोरं एकदम लिंबाकडे वळून ओरडली, “काढ्या!”

मी कधी उठलो आणि कधी वर पोचलो ते मलाच कळलं नाही. सगळं इंदापूर माना वर करून माझ्याकडे पाहत होतं. फार बरं वाटलं.

“खाली ढकल!” मास्तर ओरडले. खाली पडला की आमचा गोल होता.

“वरनं काढ!” आबा ओरडला. “न्हाय गेला त्यो!”

दोघांनाही माझी गरज होती. असा योग पुन्हा येणार नव्हता. मी खांबाला मिठी मारून विचारलं, “गुरुजी, मला टीममदी ठिवणार का?”

“आरं हे काय इचारायची येळ हाय का?”

“ठिवणार का सांगा. न्हायतर मी हितंच बसतो.”

“त्यांनी न्हाय ठिवला तर मी ठिवतो!” आबा म्हणाला. “पर वरनं काढ!”

“ठिवतो रं बाबा, ठिवतो!” मास्तर घाईनं म्हणाले. “बनियन बी तुझीच. ढकल आता!”

मी ढकलला. हलला नाही. मग दोन्ही बाजूंना न्याय म्हणून वर ओढला, तरी हलला नाही. तेवढ्यात रस्त्यावरून आमच्या एसटीचा हॉर्न वाजला.

“नाडी सोड!” मास्तर ओरडले.

माझा हात चड्डीच्या नाडीकडे गेला आणि खळ्यावर हशा पिकला. “चेंडूची, गाढवा!”

मी चामड्याच्या चेंडूची शिवण आवळणारी नाडी सोडली, आतल्या रबराचं तोंड मोकळं केलं. लांबलचक सूं करत चेंडू बसला आणि आपला आपणच खाली पडला. ढकलला नव्हता, काढलाही नव्हता. मास्तर म्हणाले गोल, आबा म्हणाला हवा गेलेला चेंडू हा चेंडूच नव्हे. एसटी सुटली तरी दोघे खिडकीच्या आतून-बाहेरून भांडत होते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विळ्यानं आमच्या पाटीचं बूड कापलं. मी बनियन घालून उभा होतो. पहिल्या पोरानं फेकायला चेंडू उचलला आणि मी सवयीनं सुटलो. अर्ध्या खांबावर असतानाच तो पाटीतून निसटून माझ्या डोक्यावर आपटून खाली गेला. पोरं लोळून हसली. मी तसाच लटकत राहिलो. वर काही काम नव्हतं, आणि खाली यायची लाज वाटत होती. डोळे भरून आले.

मास्तर खांबापाशी आले. “उतर,” ते म्हणाले. “आता तुझं काम खालीच हाय.”

मी उतरलो. त्यांनी चेंडू माझ्या हातात दिला, आणि मी जन्मात पहिल्यांदा तो घेऊन पळत सुटलो. आमच्या मैदानावर पाटी एकच होती, तरी मी चुकीच्या बाजूला पळालो.