आप्पांचा हात आणि माझा कंपायलर

रनाळ्याच्या आमच्या मळ्यात पंप गळत होता. मी फोनवरून मोटर बंद केली. वडील, म्हणजे आप्पा, गळती थांबवणारी दोरी बदलायला पंपात हात घालत होते. तेवढ्यात लाइट गेली, परत आली आणि मोटर आपोआप फिरली. बाही ओढली गेली, टर्रकन फाटली, म्हणून हात वाचला. 

मोटर चालू-बंद करणारा प्रोग्राम माझा. तोही मीच रचलेल्या भाषेत! नको तिथं नको ती हौस. आधी मी स्टार्टरवर खापर फोडलं, नवा बसवला. चोर सोडून संन्याशाला फाशी! मग प्रोग्राम वाचला. त्यात ‘बंद’ म्हणजे लाइट परत आली तरी बंदच होतं. तो मशीनला कळेल असा उतरवून देणारा कंपायलर वाचला. त्यातही खोट सापडेना, आणि तेव्हा खरी गोम लक्षात आली. तो कंपायलरही माझ्याच भाषेत लिहिलेला, आणि त्याला घडवणारा त्याचाच जुना अवतार. विरजणच नासकं असलं तर दूध कितीही चांगलं घ्या, काय उपयोग? जुन्याच्या पोटातली चूक प्रत्येक नव्यात उतरत होती, आणि मी लिहिलेल्या ओळींत ती कुठंच दिसत नव्हती.

फोनवरून मोटर चालवणारं यंत्रच मी काढायला निघालो. आप्पा काढू देईनात. लाइट रात्रीची, मोटर लावायला मळ्यात कोण जाणार? “तू शे ना, मंग कसाना भ्याव?” म्हणायचे. त्या विश्वासाचा मला संतापच यायचा.

शेवटी कॉलेजात सी भाषेत लिहिलेला, म्हणजे या नासक्या विरजणाच्या आधीचा, पहिला ओबडधोबड कंपायलर शोधून काढला आणि तिथूनच सगळं नव्यानं बांधलं. त्यानं दुसरा घडवला, दुसऱ्यानं तिसरा. दुसरा आणि तिसरा तंतोतंत जुळले, म्हणजे वाटेत नवं काही शिरलं नव्हतं. नवा प्रोग्राम यंत्रात घातला, मेन स्विच खाली-वर केला. मोटर गप्प.

“आते घालू का हात?” आप्पांनी विचारलं.

मी त्यांना बाजूला सारलं, आधी माझाच हात पंपात घातला आणि म्हटलं, आता मेन बंद करून पुन्हा लावा.

आप्पांचा हात स्विचवर गेला आणि तिथूनच मागे आला. मग त्यांनी मेनमधले तिन्ही फ्यूज उपटले आणि मुठीत घट्ट धरले.

“मन्हा हात गया तं गया,” ते म्हणाले. “तुन्हा नको.”