फखरुन्निसाखालांनी बसवलेलं गाणं

फखरुन्निसाखाला दाभोळच्या. नवरा हुसेन कुवेत शहरात, दस्मान भागातल्या कापडाच्या दुकानात आणि मुलगी बिल्कीस माझ्या वर्गात. माझे वडील मीना अल-अहमदीच्या तेलबंदरावर इंजिनिअर. शुक्रवारच्या सुट्टीला आम्ही शहरात आलो की आई मला खालांकडे सोडून खरेदीला जायची. चौसष्ट सालच्या कुवेतमध्ये मराठी बोलणारं घर सापडणं कठीण, त्यामुळे आईने खालांना बघता बघता बहीण करून टाकलं. आमच्या आईला माणसं जोडायची भारी हौस. ती सोडतानाही तिला काही वाटत नाही, हे मला पुढे कळलं.

खालांच्या खोलीत शुक्रवारी आम्ही मुली जमायचो. कोणी चिपळूणच्या सोनाराची, कोणी श्रीवर्धनच्या खलाशाची. खाला सांदणाचं ताट पुढे सरकवायच्या. "खावा गो पोरींनो, लाजू नका." मग त्यांच्या गावची हळदीची गाणी. मुसलमान घरातल्या लग्नाची, पण नवरी, करवली, सासरचं दार, सगळे शब्द आमचेच. मी त्यांना आजीची एक ओवी शिकवली, तर त्यांनी ती आपल्या चालीवर म्हटली आणि आजीपेक्षा झकास म्हटली. शाळेत कोणी विचारलं तर बिल्कीस मान वर करून सांगायची, "मी मराठी. दाभोळची." तिचं ऐकून मलाही तसं सांगायचा धीर आला. एरवी मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटायचे.

त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला भारतातली राज्यं दाखवायचं ठरलं. पालकांची कमिटी झाली, तीत आई होतीच. महाराष्ट्राचं गाणं खालांनी बसवायचं, पहिली ओळ बिल्कीसने एकटीने उचलायची. खालांनी हुसेनचाचांकडून हिरवं कापड आणवलं आणि आम्हा सगळ्यांची छोटी लुगडी हाताने शिवली. बिल्कीस झोपेतही ती ओळ म्हणते, असं त्या हसून सांगायच्या. पुढे उभं राहायचं, या एका गोष्टीसाठी ती पोर जीव टाकत होती.

गॅदरिंगच्या दिवशी पडद्यामागे आईने बिल्कीसला लुगडं सोडायला लावलं आणि तिच्या डोक्यावर जरीची ओढणी घातली.

"तू ईदच्या देखाव्यात उभं राहायचंस, बेटा."

एरवी आई तिला बाळ म्हणायची.

"पण मी महाराष्ट्रात आहे ना, मावशी?"

"हो गं. पण बघणाऱ्यांना कळायला नको का?"

मला तिच्या जागी ढकललं. माईकवरून 'कोकणातलं एक लोकगीत' एवढंच सांगितलं, खालांचं नाव नाही. वर मोठ्या अक्षरांत 'विविधतेत एकता'. तिसऱ्या रांगेत खाला अर्ध्या उठून बिल्कीसला शोधत होत्या. ती त्यांना पुढच्या देखाव्यात दिसली. शीरखुर्म्याची वाटी हातात धरून उभी, तोंडातून एक शब्द काढायचा नाही, फक्त हसायचं. टाळ्या दोन्ही वेळा सारख्याच पडल्या.

कमिटीने हे महिन्यापूर्वीच ठरवलं होतं. आईनेच घरी सांगितलं, आणि वर म्हणाली, "आधी बोलले असते तर गाणं कोणी बसवलं असतं?" महिनाभर ही बाई त्यांचं सांदण खात होती, चालींचं कौतुक करत होती, लुगड्यांचे काठ निवडत होती! मला आईची किळस आली. तो शब्द मी आजही मागे घेत नाही.

पुढच्या शुक्रवारी आई मला नेहमीसारखी खालांकडे सोडून गेली. दार खालांनीच उघडलं.

"आओ बेटी, बैठो. मम्मी कैसा है?"

मी मराठीत बोलत राहिले, त्या हिंदीत उत्तर देत राहिल्या. एकेक शब्द शोधून, अडखळत. त्यांचं हिंदी माझ्याहून मोडकं होतं. बिल्कीस आतून आली आणि माझ्याशी इंग्रजीत बोलली. गाणं झालं नाही. संध्याकाळी आई न्यायला आली, दारात उभी राहून दोन मिनिटं खालांचं हिंदी ऐकत राहिली. मग गाडीत बसता बसता समाधानाने म्हणाली, "बघ, किती मोकळ्या बोलल्या आज. शेवटी त्यांची भाषा तीच."