नव्वद टक्के शिल्लक

माझे सासरे, पितांबर नाना, एकतीस वर्षं एसटीत होते. शेवटची अठ्ठावीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. बसस्थानकाच्या खिडकीमागे बसून कोणती गाडी कधी सुटणार हे ठरवायचं आणि ती का सुटली नाही हे प्रवाशांना समजावायचं, हे त्यांचं काम. दुसऱ्या कामात त्यांचा हातखंडा होता. निवृत्तीनंतर अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली आम्ही सोडून कोणीच नव्हतं. मग गेल्या पौषात आमच्या अमळनेरच्या घरावर सोलर बसलं आणि नाना पुन्हा ड्युटीवर रुजू झाले.

गच्चीवर सहा प्लेटा, जिन्याखाली इन्व्हर्टर आणि त्याच्या शेजारी भिंतीला टांगलेली बॅटरी. बसवायला धुळ्याहून योगराज आले होते. त्यांनी नीट समजावलं. दिवसा घर उन्हावर चालेल, उरलेली वीज बॅटरीत साठेल, लाईट गेली की बॅटरी घर चालवेल आणि वीस टक्के उरले की आपोआप थांबेल.

"वीसच?" नाना म्हणाले. "डेपोत एक गाडी कायम राखीव उभी असते. कोणी कितीही मागितली तरी ती द्यायची नसते. नव्वद करा."

"अहो नाना, मग वापरायला दहाच टक्के राहतील."

"वापरायचं कोण म्हणतंय?"

योगराजनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा नव्वद झाले होते, आणि कोणी ते बदलू नये म्हणून पासवर्डही पडला होता. तो फक्त नानांना ठाऊक.

दुसऱ्या दिवशी जिन्याजवळ फळा लागला. मिक्सर दहा पंधरा. वॉशिंग मशीन अकरा चाळीस. इस्त्री फक्त मंगळवार आणि शुक्रवार. ढग आले की नाना फळ्यावर मशीनसमोर खडूने 'विलंबाने' लिहीत. सकाळच्या डब्याची चटणी दहा पंधराच्या मिक्सरला गाठू शकत नव्हती, म्हणून आम्ही पाटा-वरवंटा माळ्यावरून खाली काढला. घरात सोलर आलं आणि आम्ही पन्नास वर्षं मागे गेलो.

चैत्रात माझ्या सासूबाई लताबाईंनी ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, घातले. दरवर्षीची कडक उन्हाची जागा प्लेटांनी अडवलेली. प्लेटा मात्र छान तापलेल्या. लताबाईंनी तीन प्लेटांवर नानांची जुनी धोतरं पसरली आणि त्यावर बिबडे थापले. खाली इन्व्हर्टरवर नानांच्या आकड्यांनी मान टाकली. त्यांनी लगेच धुळ्याला फोन लावला, "सूर्य वेळेवर आलाय, पण माल उतरत नाहीये." योगराज उन्हातान्हात मोटरसायकलवर आले, गच्चीवर चढले, दोन ओले बिबडे खाऊन खाली उतरले आणि म्हणाले, "काकू, तेल-तिखट असेल तर द्या. बिघाड बराच मोठा आहे."

वैशाखात माझी मुलगी दिपमाला बाळंतपणाला आली. बाळ तीन आठवडे आधीच झालं. मुलगी, दोन किलो शंभर ग्रॅम. डॉक्टरांनी बजावलं, "हिची खोली थंड ठेवा. उन्हाची झळ हिला सोसायची नाही." बाहेर पारा चव्वेचाळीसवर. तेव्हापासून मी दिवसातून वीस वेळा तिच्या मानेला हात लावून बघत असे. नानांनीही फळ्यावर कूलरसमोर 'विनाथांबा' लिहिलं होतं. पणतीवर त्यांचा जीव होता, पण लाईट असेपर्यंत.

बाळ पंधरा दिवसांचं झालं त्या दुपारी चार वाजता वावधन सुटलं. आमच्याकडे वाऱ्याचा असा लोट येतो की पत्रे उडतात आणि मग पाऊस पडतो चार थेंब. गल्लीच्या तोंडाशी निंब तारांवर कोसळला. लाईट गेली. आभाळ धुळीने पिवळं झालं, प्लेटांना ऊन मिळेना. बॅटरीने कूलर उचलला आणि मी देवाचे आभार मानले. सव्वासहाला कूलर थांबला. पंखेही थांबले.

"बॅटरी खराब झाली का हो?" दिपमाला आतून ओरडली.

"खराब कशाला होईल?" नाना अभिमानाने म्हणाले. "नव्वद टक्के शिल्लक आहे."

"मग चालत का नाही?"

"तिला थांबायला सांगितलंय."

खोली भट्टीसारखी तापली. बाळ आधी रडलं. मग रडणं बारीक झालं आणि तिने दूध ओढायचं सोडलं. मला त्या बारीक रडण्याचीच भीती वाटली. मानेला हात लावला तर मान चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी. माझे पती ज्ञानेश्वर "लाईनचं काय झालं बघून येतो" म्हणत बाहेर पडले. वडिलांसमोर ते कायम लाईन बघायलाच जातात.

"नाना, पासवर्ड टाका," मी म्हटलं.

"आणि उद्या याहून मोठं संकट आलं तर?"

लताबाई पदराने बाळाला वारा घालत होत्या. त्या उसळल्या. "याथिन मोठं संकट आखो काय ऱ्हास? पोर निस्ती भाजी निंघी राह्यनी. तुम्हनी ती राखीव गाडी माले ठाऊक शे!"

"तिचं नाव काढू नको," नाना म्हणाले.

आता लताबाईंना कोण थांबवणार? त्यांनी मला सगळं ऐकवलं. एकदा पारोळ्याच्या वाटेवर गाडी बंद पडली, स्थानकात साठ-सत्तर प्रवासी खोळंबले. नानांनी पूर्ण आयुष्यात एकदाच, मोठ्या नाराजीने, राखीव गाडी सोडायचा हुकूम दिला. गाडी सुरूच होईना. उभी राहून राहून तिची बॅटरी मेली होती.

"बठ्ठासनी धक्का मारा," लताबाई म्हणाल्या. "मी बी मारा. मी माहेर जाई राह्यंथू, आठ महिनानी पोटुशी. आनि हाई खिडकीमांगून सांगेत, 'प्रवाशांनी सहकार्य करावे'!"

म्हणजे धक्का मारणाऱ्या प्रवाशांत आठ महिन्यांच्या पोटुशी सासूबाईही होत्या. पोटात कोण होतं ते आम्हाला कळलं. ते या घडीला लाईन बघायला गेले होते.

तरी नाना उठले नाहीत. मग मी बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि हातात बांबूचा पंखा दिला. "तुमचा विचार होईपर्यंत वारा घाला. थांबू नका हं."

पहिली दोन मिनिटं पंखा जोरात हलला. मग त्यांनी हात बदलला. मग पुन्हा बदलला. बाळाच्या कपाळावरचा घाम त्यांनी बोटाने पुसला, ते बोट बघितलं आणि तिच्या छातीवर हात ठेवला.

"किती भराभर श्वास घेतेय गं ही," ते म्हणाले. "योगराजला फोन लाव."

योगराजनी कुठली बटणं दाबायची ते सांगितलं. वर म्हणाले, "आणि नाना, एक सांगू? अशी कायम भरून ठेवलेली बॅटरी वापरलेल्या बॅटरीपेक्षा लवकर म्हातारी होते. त्यात आपल्याकडचं ऊन."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं तेव्हा तुम्ही पासवर्ड टाकत होता."

नानांनी बाळाला माझ्या हाती दिलं आणि इन्व्हर्टरपाशी जाऊन तळहाताने आडोसा करून पासवर्ड टाकला. "पंच्याऐंशी करतो," ते म्हणाले. लताबाईंनी नुसता घसा खाकरला. "बरं, सत्तर." बाळ माझ्या हातात होतं, तिने काहीच आवाज केला नाही. तो न आलेला आवाज नानांना लागला. त्यांनी बटण दाबायला सुरुवात केली ते वीस येईपर्यंत बोट उचललं नाही.

कूलर घरघरला. पाऊण तासाने बाळाने दूध ओढलं. मी मान तपासली, पुन्हा तपासली. दिपमाला म्हणाली, "आई, आता तिला हात लावून लावून उठवशील."

नाना इन्व्हर्टरसमोर खुर्ची टाकून बसले आणि एकेक थांबा यावा तसे पुकारू लागले. "सत्त्याऐंशी." थोड्या वेळाने, "शहाऐंशी." प्रत्येक आकड्याला त्यांचा चेहरा माहेरचं माणूस गाडीत बसवून दिल्यासारखा होई. सकाळी त्रेचाळीसवर उन्हं आली आणि आकडा वर चढू लागला. तो वर चढतो हे नानांनी पहिल्यांदाच पाहिलं, कारण आजवर त्यांनी तो खाली जाऊच दिला नव्हता.

लाईट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मी विचारलं, "नाना, आता काय ठेवायचं?"

"वीसच राहू दे," ते म्हणाले. मी चकित झाले. मग ते पुढे म्हणाले, "ही पोर इथं आहे तोवर. नंतर नव्वद."

बाळ सव्वा महिन्याचं झालं की दिपमाला धुळ्याला सासरी जाणार आहे. काल मी तिच्या सासूबाईंना फोन करून आणखी पंधरा दिवस मागून घेतले. बाळाचं वजन अजून भरलं नाही, असं सांगितलं. ते खरंही आहे. आज नानांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "पावसाळा संपेपर्यंत ठेवता येईल का गं तिला?"