गेटवरची हजेरी

सरकार बदललं, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा डबा घेऊन कामाला निघाले. कंपनीला कुलूप लागून तेव्हा दोन दिवाळ्या झाल्या होत्या.

गेटवर ते रोजच जात. युनियनच्या वकिलांनी बजावलं होतं, आला नाहीत तर मालक कोर्टात सांगेल, कामगारच काम सोडून गेले. म्हणून बाबा इस्त्रीचा युनिफॉर्म घालून कर्वेनगरहून दोन बस बदलून नगर रस्त्याला जायचे. तिथे त्यांच्या खात्यातली माणसं जमायची, कुलपासमोर हजेरी द्यायची आणि परतायची. पण डबा कुणी नेत नसे.

प्रचारात उमेदवार त्याच गेटसमोर टेम्पोवर चढून म्हणाला होता, "आपलं सरकार येऊ द्या, दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुरू झालीच म्हणून समजा." खाली मी पत्रकं वाटत होते. कॉलेज बुडवून मीच लिहिलेली. त्यातली एकही ओळ आज मागे घेणार नाही. जुनं सरकार मालकाच्या खिशात होतं, हे खरंच होतं.

निकालाच्या दिवशी मी गुलालाने माखून घरी आले, तर आई मेथी निवडत होती. बाबांनी तिला उद्याचा डबा भरायला सांगितलं होतं.

"अहो, कुणाला विचारून तरी घ्या," ती बाबांना म्हणाली.

"कुणाला विचारू? सरकार हिचंच आलंय."

"बाबा, कोर्ट असतं, कायदा असतो. असं एका दिवसात नाही होत."

"मग पत्रकात तसं छापायचं होतंस," ते हसून म्हणाले. खूप दिवसांनी हसले.

सकाळी मीही गेले. सगळ्या खात्याने डबे आणले होते. एकाने मशीनसमोर फोडायला नारळ आणला होता.

"काय, सहल का आज?" चहावाल्याने विचारलं. सगळे हसले.

वॉचमन गजांआडून म्हणाला, "मला कुणाचा फोन नाही, भाऊ."

"येईल. साहेब लोक उशिरा उठतात."

जेवणाच्या वेळेला डबे फुटपाथवरच उघडले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नारळ पिशवीतून तसाच परत गेला.

उमेदवाराला, म्हणजे आता आमदाराला, गाठायला मला कितीतरी खेपा घालाव्या लागल्या. भेटला तेव्हा शेजारी मालक बसलेला. मागच्या आमदाराशेजारीही हाच बसायचा.

"ताई, जग बदललंय," आमदार म्हणाला. " तिथे आयटीचं मोठं काम येतंय. पोरांना नोकऱ्या लागतील."

"आणि माझ्या वडिलांना?"

"वय काय त्यांचं?"

मत मागताना वय विचारलं नव्हतं.

शेड पाडली, काचेची इमारत उभी राहिली. कोर्टातली केसही निकालात निघाली, आमच्या विरोधात. बाबा तरी जात राहिले. त्यांना समजवावं म्हणून एकदा मी सोबत गेले. नवा सिक्युरिटी गार्ड, विदर्भातून आलेला, अदबीने पुढे झाला.

"काका, कोणाकडे काम आहे?"

बाबांनी स्वतःचा हजेरीचा टोकन नंबर सांगितला.

गार्डने आत फोन लावला, नंबर सांगितला, थोडं ऐकलं आणि फोन खाली ठेवला. "असा नंबर नाही म्हणतात, काका. कंपनीचं नाव सांगा ना."

बाबांनी इमारतीवरची पाटी वर बघून सावकाश वाचली. मग मला म्हणाले, "चल, बस चुकेल."