ट्रान्झिस्टर ठीक होता

डॉक्टरांनी माझा ट्रान्झिस्टर स्वतःच्या कानाशी धरला, बटण फिरवलं आणि म्हणाले, "गुरुजी, हा खणखणीत वाजतोय. तुमचे कान जाताहेत." दुसरं वाक्य त्यांना दोनदा म्हणावं लागलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी रहिमतपूरचा प्राथमिक शिक्षक. टीबी, म्हणजे क्षय झाला म्हणून सांगलीच्या इस्पितळात पडून होतो. रोज कमरेत स्ट्रेप्टोमायसिन टोचायचे. हे औषध क्षयाचे जंतू मारतं. वेळ जाता जात नसे. फौजेतल्या भावानं कँटीनमधून आणून दिलेला ट्रान्झिस्टर तेवढा सोबतीला होता.

दुसऱ्या महिन्यात त्याचा आवाज बसला. तबला ऐकू येई, बासरी गायब. सेल उतरले, दुसरं काय! सगळेच करतात तसे मी ते खिडकीत उन्हाला ठेवले. फरक नाही. बायको इंदू दर रविवारी एसटीनं यायची, तिनं नवे आणले. तेही तसलेच. मी दुकानदाराला शिव्या घातल्या. इंदू पुटपुटते म्हणून तिच्यावरही चिडलो. कानात सारखी किरकिर चाले, ती मी स्टेशनच्या खरखरीच्या नावावर टाकली.

शेवटी आवाज पूर्ण सोडायला लागलो. शेजारच्या खाटेवर जतचे एक मेंढपाळ म्हातारबा होते. ते एक दिवस उठून माझ्या तोंडाशी आले आणि ओरडले, "मास्तर, बंद करा की त्ये! लय डोकं उठलंय!" त्यांनीच तक्रार केली, म्हणून डॉक्टर आले. तेव्हा मी म्हातारबांवर दात खाल्ले. आज त्यांचे उपकार मानतो.

"या इंजेक्शननं कधी कधी ऑडिटरी नर्व्हला, म्हणजे कानाच्या नसेला इजा होते," डॉक्टर म्हणाले. "आजपासून बंद. गेलं ते बहुधा येणार नाही. उरलं ते टिकतं का बघू."

ते दिवस नको वाटतात. खाटेच्या लोखंडावर बोटं वाजव, ताटलीवर चमचा आपट, कानाशी चुटकी वाजव. एका जागी बसवेना. बहिऱ्या मास्तरला शाळेत कोण ठेवणार? उजवा कान गेलाच. डावा अर्धा राहिला.

तुम्हाला ही इंजेक्शनं चालू असतील आणि कानात किरकिर सुरू झाली, तर रेडिओचे सेल बदलत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. मी तीन आठवडे घालवले.

गोळ्यांनी छाती बरी झाली, घरी आलो. आमच्याकडे सासऱ्यांसमोर सून आवाज चढवत नाही. इंदू दारातून काहीतरी बोलली. मला नुसते ओठ हलताना दिसले. मी खुळ्यासारखा बघत राहिलो. माझ्या वडिलांच्या, आबांच्या ते ध्यानात आलं. मान खाली घालून ते म्हणाले, "वरडून बोल पोरी. मला राग न्हाई यायचा."

ती घुटमळली. मग पदर सावरून सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "आवं, जेवाय चला!"

मला ऐकू आलं. आबांसमोरच मला रडू फुटलं.